पडद्यापलीकडची तालीम

मिरज

प्रिय सखी,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर एका ओळीत मावत नाही. न्यू जर्सीतलं घर, नोकरी, मुलांच्या शाळा, शनिवार-रविवारी मराठी मंडळातल्या पोरांचे गाण्याचे वर्ग, हे सगळं सांभाळून आणि तिथंच राहून गाण्यातली डॉक्टरेट करता येईल का? येईल. पण त्यातलं काय दुरून होतं, काय अर्धंमुर्धं होतं आणि कशासाठी तुला विमानात बसावंच लागेल, हे नीट सांगायला हवं. फोनवर बोलायला गेलं की निम्मा वेळ 'ऐकू येतंय का?' यात जातो, म्हणून पत्र लिहायला बसले. मीही सध्या याच कामात आहे. आपल्या गाण्याच्या बाई पुण्यात, मार्गदर्शक सर मुंबईत, मी मिरजेत. तेव्हा यातलं बरंचसं रोजच्या अनुभवाचं आहे.

कागदपत्रांचा भाग आधी उरकते. 'घरबसल्या पीएच.डी.' अशा जाहिराती तुझ्या फोनवर यायला लागल्या असतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. विद्यापीठ अनुदान आयोग आणि एआयसीटीई यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर सूचनाच काढली होती, की शिक्षणाच्या धंद्यातल्या कंपन्या परदेशी संस्थांच्या जोडीनं ज्या ऑनलाइन पीएच.डी. देऊ करतात त्यांना मान्यता नाही. आपल्याकडच्या विद्यापीठाला पीएच.डी. दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन देताच येत नाही. अर्धवेळ मात्र करता येते. नोकरी करणाऱ्याला ना-हरकत पत्र आणावं लागतं, कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, मुदत कमीत कमी तीन वर्षं आणि एरवी सहा. बायकांना दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते. म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. हवी असेल तर कोर्सवर्कपुरतं तरी इथं येऊन राहण्याची तयारी ठेव.

तुझ्याकडच्या विद्यापीठांची गंमत बघ. बोस्टन विद्यापीठानं 2005 साली संगीतशिक्षण या विषयातली डीएमए, म्हणजे डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स, ऑनलाइन सुरू केली. पण गायनाची डीएमए बघायला गेलं तर एकल मैफली, इटालियन-जर्मन-फ्रेंच उच्चारांची तयारी, दर आठवड्याला शिक्षकासमोर उभं राहून गाणं, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या गावात मुक्काम, अशीच सर्वसाधारण रीत आहे. गाणं शिकवावं कसं, हे दुरून शिकता येतं. गाणं शिकायला मात्र जवळ यावं लागतं, असं तिकडच्या लोकांनाही वाटतं. मला हे फार बोलकं वाटलं.

आता तुला खरोखर लागू पडेल अशी वाट सांगते, आणि ती आपल्या दोघींच्या ओळखीचीच आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत आपण ज्याच्या परीक्षा दिल्या, त्याच मंडळाच्या पायऱ्या अलंकारवर संपत नाहीत. त्याच्या वर डॉक्टरेटच्या तोलाची संगीताचार्य ही पदवी आहे. मंडळाची रीत तुला माहीत आहे: कुणाकडे शिकायचं, कुठं शिकायचं, किती वर्षं शिकायचं हा तुझा आणि तुझ्या गुरूचा प्रश्न, मंडळ तुझी परीक्षा घेणार. दूरशिक्षण हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीपासून शिक्षण आणि परीक्षा यांची अशी फारकत तिथं झालेली आहे. खेड्यातला मुलगा आपल्या गावच्या गुरुजींकडे शिकतो, जवळच्या केंद्रावर जाऊन गातो आणि त्याला तेच प्रमाणपत्र मिळतं जे मुंबईच्या मुलीला मिळतं. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं राजाच्या किंवा घराण्याच्या दारातून बाहेर काढून सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत न्यायचं, हाच त्यांचा ध्यास होता. 1931 मध्ये इथं मिरजेत त्यांनी देह ठेवला आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. तू न्यू जर्सीत बसून डॉक्टरेटचा विचार करू शकतेस, याचं मूळ तिथं आहे.

वीणाताई सहस्रबुद्धे आठवतात ना? त्यांचा क्रम मी मुद्दाम तुझ्यासाठी लिहितेय. जन्म कानपूरचा, 1948 चा. वडील शंकरराव बोडस हे विष्णु दिगंबरांचे शिष्य. गुरूंचं काम पुढं न्यायला ते महाराष्ट्र सोडून कानपुरात जाऊन राहिले. वीणाताई 1969 मध्ये मंडळाच्या अलंकार झाल्या, 1979 मध्ये संस्कृतात एम.ए. झाल्या आणि 1988 मध्ये मंडळाची संगीत प्रवीण, म्हणजे त्या वेळची गायनातली डॉक्टरेट, त्यांनी मिळवली. अलंकार आणि प्रवीण यांच्यामध्ये 19 वर्षं. त्या वर्षांत संसार झाला, बळवंतराय भट्ट, वसंत ठकार, गजाननबुवा जोशी यांची तालीम झाली, मैफली झाल्या, एसएनडीटीच्या पुण्याच्या संगीत विभागाची जबाबदारीही आली. 'आता चाळिशीत कशाला?' असं तू विचारलंयस. वीणाताईंना प्रवीण मिळाली तेव्हा त्या चाळिशीलाच टेकल्या होत्या. गाण्याची डॉक्टरेट विशीत घेण्याची गोष्टच नाही, असं मला ठामपणे वाटतं. काहीतरी गाऊन झाल्यावर, गळ्याचे आणि मनाचे दोन-तीन ऋतू पाहून झाल्यावर, आपण असं का गातो हा प्रश्न खऱ्या अर्थानं पडतो.

एक मात्र लक्षात ठेव. मंडळ हे विद्यापीठ नव्हे. ही पदवी तुझ्याकडच्या एखाद्या कॉलेजात नोकरीसाठी दाखवायची असेल, तर ते ती धरतील का हे आधी लेखी विचारून घे. पदवी नोकरीसाठी हवी की गाण्यासाठी, याचं उत्तर तू पत्रात दिलेलं नाहीस. माझ्या मते तुला ती गाण्यासाठी हवी आहे.

आता मुख्य गोष्ट. दुरून काय होतं?

आपली समजूत अशी, की गुरुशिष्य म्हटलं की शिष्य गुरूच्या घरी पाणी भरणार आणि कधीतरी कानावर पडेल ते उचलणार. पण दुरून शिकण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काय आहेत? ज्यांना गुरूच्या घरी राहणं शक्य नाही, त्यांच्या हाती चीज पडावी म्हणून केलेली खटपटच ती. विष्णु दिगंबरांनी आपली स्वरलिपी केली, विनायकबुवा पटवर्धनांनी 'रागविज्ञान' लिहिलं, तेही याच तळमळीनं. मग तबकड्या आल्या. भीमसेन जोशींची गोष्ट आपण लहानपणी किती वेळा ऐकली! गदगच्या पोरानं अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि 1933 साली, अकरा वर्षांचा असताना, गुरू शोधायला घर सोडलं. ही गोष्ट सांगताना सगळे त्या तबकडीच्या जादूवर थांबतात. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या साडेतीन मिनिटांच्या तबकडीनं त्यांना वेड लावलं, शिकवलं मात्र नाही. शिकण्यासाठी ते ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असे उत्तर हिंदुस्थानभर हिंडले आणि शेवटी गुरू भेटले ते घराच्या उंबऱ्याशी, कुंदगोळला. खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. पुढं त्यांच्याच घरी राहून, पडेल ते काम करून तालीम घेतली. म्हणजे आवाज पोचला दुरून. गाणं मिळालं ते जवळ जाऊन.

आणि सवाई गंधर्वांच्याच शिष्या गंगूबाई हनगल! लेकरंबाळं, घरचा भार, पैशांची ओढाताण. गुरूच्या घरी जाऊन राहणं त्यांना शक्यच नव्हतं. त्या हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जायच्या, तालीम घ्यायच्या आणि परत यायच्या. मला तुझ्या बाबतीत भीमसेनजींपेक्षा गंगूबाईंचा दाखला जास्त जवळचा वाटतो. संसार न सोडता शिकणाऱ्या बाईचा तो दाखला आहे. पण त्यांनीसुद्धा ती गाडी चुकवली नाही. तुझी गाडी जरा लांबची आहे, एवढंच.

आता पडद्यावरची तालीम. यावर मी तुला भरपूर लिहिणार आहे, कारण इथं नुसता उत्साह पुरत नाही.

पहिली गोष्ट तानपुऱ्याची. व्हिडिओ कॉलचं तंत्र माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेलं आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं ते धरून चालतं आणि तो पुसून टाकतं. आपला तानपुरा त्याच्या लेखी पंखाच! बाईंनी पुण्यात दोन तानपुरे लावलेले असतात आणि मला इकडे ऐकू येतो तो नुसता कोरडा गळा, मागं काहीच नाही. शिवाय ते तंत्र मोठा आवाज लहान करतं आणि लहान मोठा. मग बाईंनी षड्ज हलकेच लावून हळूहळू भरत नेला तरी माझ्यापर्यंत तो एकाच मापाचा पोचतो. आवाजाचा लगाव हा तर आपल्या सगळ्या शिक्षणाचा पाया, आणि नेमका तोच वाटेत सपाट होतो. यावर उपाय आहे. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती दोन्हीकडे चालू हवी. वायफायऐवजी तार जोड. लॅपटॉपचा माइक वापरू नकोस, एखादा साधा पण वेगळा माइक घे आणि कानाला तारेचा हेडफोन लाव. तानपुरा मात्र तू तुझ्याकडे स्वतःचा लाव. बाईंचा तानपुरा पडद्यातून येईल याची वाट बघू नकोस. खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो ना, तो ऐकत स्वर लावायचा तर तारा तुझ्याच खोलीत छेडलेल्या हव्यात.

दुसरी गोष्ट लयीची. मुंबई ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. कितीही वेगवान इंटरनेट घेतलंस तरी समुद्राखालच्या केबलमधून जाणारा प्रकाश त्याच्या वेगानंच जाणार. एका बाजूनं जायलाच साठ-पासष्ट मिलिसेकंद, त्यावर यंत्रांचा उशीर. जाऊन-येऊन 200 मिलिसेकंद सहज होतात. आता द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत धर. एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे तू समेवर आलीस की ती बाईंना ऐकू जाऊन त्यांचं 'हां' तुझ्यापर्यंत येईतो पुढची मात्रा उगवलेली असते. म्हणून पडद्यावर एकत्र गाता येत नाही, ठेका धरून तान मारता येत नाही, सवाल-जवाब लयीत बसत नाही. यावर यंत्राचा उपाय नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. बाई एक जागा गातात आणि थांबतात. मी गाते आणि थांबते. राग आलापीनं उलगडताना हे उत्तम चालतं. दरबारीच्या गंधाराचं आंदोलन, मारव्यात षड्ज टाळत रिषभावर रेंगाळणं, भूपाचा धैवत आणि देसकाराचा धैवत यांतला ठेहरावाचा फरक, असल्या गोष्टी मी पडद्यावर चांगल्या शिकले. किंबहुना एकमेकींचा आवाज एकमेकींवर पडत नसल्यामुळे कान जास्त तीक्ष्ण झाला. बाईंच्या आवाजाच्या आडोशाला माझा स्वर लपवायची सोयच उरत नाही. विलंबित एकतालाच्या मुखड्याला मात्र तबला शेजारी हवा. त्यासाठी तिथला एखादा तबलजी धर, आठवड्यातून एकदा तरी. ॲपमधला ठेका रोजच्या रियाजाला ठीक, पण तो तुझ्या श्वासाकडे बघत नाही.

तिसरी गोष्ट रेकॉर्डिंगची, आणि इथं दूर राहणाऱ्याला मोठा फायदा आहे. समोरासमोरच्या तालमीत चूक झाली की बाई हात वर करतात आणि आपण सावरून पुढं जातो. दुरून शिकताना मी राग गाऊन त्याचं रेकॉर्डिंग पाठवते. पाठवण्याआधी ते ऐकावं लागतं. ऐकलं की मीच परत गाते. मग बाई निवांत ऐकतात आणि सांगतात, अमुक मिनिटाला तुझा आकार घशात गेला, तमुक ठिकाणी तू रागापेक्षा स्वतःच्या आवाजात रमलीस. पूर्वी शिष्याला आपलं गाणं आपण ऐकायची सोयच नव्हती. ही सोय आपल्या पिढीला मिळालीय, तिचा भरपूर उपयोग कर.

वेळेची मात्र मला खरी काळजी वाटते. उन्हाळ्यात आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. बाई सकाळी साडेसहाला बसतात तेव्हा तुझ्याकडे आदल्या रात्रीचे नऊ किंवा आठ. म्हणजे इथं तोडी चालली असेल तेव्हा तू दिवसभराचं काम, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास उरकून बसलेली असशील. सकाळचा राग सकाळी गायचा हे आपल्या अंगात मुरलेलं. तू रात्री तोडी शीक, पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती तिच्या वेळेला गा. एरवी ती कधीच तुझी होणार नाही. रागसमय मानावा की नाही यावर विद्वानांचे वाद आहेत, चालू देत. कोवळ्या उजेडात कोमल रिषभ लावून बघितलेल्या माणसाला त्या वादाची गरज भासत नाही.

मग दुरून काय होत नाही?

मागं बसणं होत नाही. मैफलीत गुरूच्या मागं तानपुरा घेऊन बसणं, इशारा झाला की एखादा स्वर धरून ठेवणं, गुरू श्वास घेतात तेवढ्यात पोकळी भरणं आणि ते परत सुरू झाले की बाजूला होणं. आपल्या गाण्याची अर्धी तालीम त्या जागेवर होते. तिथून गुरूची पाठ दिसते गं. तान येण्याआधी पाठ कशी ताठ होते, खर्जात जाताना खांदे कसे सैल पडतात, रंगलेल्या मैफलीत कुठली जागा त्या मुद्दाम सोडून देतात आणि न रंगलेल्या मैफलीत कशी एक-एक वीट रचत जातात, हे कुठल्याही कॅमेऱ्यातून दिसत नाही. मी पुण्याला बाईंकडे राहायला जाते तेव्हा धड्यापेक्षा बाकीच्या वेळात जास्त शिकते. सकाळचा खर्जाचा रियाज सगळ्यांचा एकत्र असतो. कुणी काही बोलत नाही. एकाच षड्जावर चार-पाच गळे टेकलेले, आणि त्यात आपला गळा किंचित वर किंवा खाली असेल तर तो अंगाला टोचतो, कुणी सांगावं लागत नाही. मग चहा, मग बाई भाजी निवडताना सहज एखादी बंदिश गुणगुणतात आणि त्यात एखादा शब्द असा एक वळसा घेतो, जो त्यांनी धड्यात कधी सांगितलेला नसतो. विचारलं तर म्हणतात, 'हे आत्ता सुचलं.' ते सुचताना बघायला मिळणं, हीच तालीम. उपज शिकवता येत नाही, ती जवळून बघावी लागते.

म्हणून माझं तुला कळकळीचं सांगणं आहे: फीवर, यंत्रांवर, पुस्तकांवर खर्च करण्याआधी दरवर्षीची एक रजा आणि एक विमानाचं तिकीट बाजूला काढ. डिसेंबरात ये. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, तो ऐक, आणि मग पाहुणी म्हणून नाही, विद्यार्थिनी म्हणून बाईंकडे राहा. वर्षभर पडद्यावर जे साठेल त्याला त्या मुक्कामात जीव येईल. नुसता पडदा पुरणार नाही, आणि नुसता मुक्काम तर तुला परवडणारच नाही. दोन्ही मिळून होईल.

आता लिखाणाबद्दल थोडं. तुला वाटतंय की आपल्याला गाता येतं पण लिहिता येत नाही. माझीही सुरुवातीला हीच धास्ती होती. पण गायनाच्या डॉक्टरेटमधलं लिखाण ग्रंथालयातून उचलून आणायचं नसतं, आपल्या गळ्याची झडती घ्यायची असते. माझे सर मुंबईहून पडद्यावर बसून एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतात: 'तुम्ही इथं असं का गायलात?' मुखड्याआधी तुम्ही पंचमावर का थांबलात? बाईंनी शिकवलं म्हणून? ग्वाल्हेरची रीत म्हणून? की तुम्हाला हवं होतं म्हणून? या तीन उत्तरांत फार मोठं अंतर आहे आणि आपण एरवी आयुष्यभर त्यांचा गुंता करून गातो. प्रभा अत्रेंनी गायनातल्या सरगमच्या वापरावर प्रबंध लिहिला. सरगम ही त्यांच्या गळ्यातली रोजची गोष्ट, लोकांनी नावं ठेवलेली, आणि तिच्यावरच त्यांनी शास्त्रशुद्ध विचार मांडला. गाणाऱ्यानं असंच लिहावं. स्वतःच्या गाण्यात जिथं नड आहे, जिथं हौस आहे, त्याच जागेवर बोट ठेवावं.

तुझ्यासाठी एक विषय सुचतो. तू तिथल्या मुलांना शिकवतेस. इंग्रजीत वाढलेल्या मुलांच्या तोंडात ब्रजभाषेतली बंदिश ठेवल्यावर 'आ'काराचं, महाप्राण अक्षरांचं काय होतं, आणि त्यामुळे स्वराचा लगाव कसा बदलतो? ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी केलेली 'प्राट' नावाची संगणक-प्रणाली फुकट मिळते. तिच्यात स्वर कुठून निघाला, कुठं टेकला, स्वरवर्ण कसा आहे हे आलेखात दिसतं. अशोक दा. रानड्यांनी आवाज-साधनेवर जे काम करून ठेवलंय ते आधी वाच. आणि 'शोधगंगा' उघड, आपल्या विद्यापीठांतले हजारो प्रबंध तिथं घरबसल्या वाचता येतात. चांगले वाच, वाईटही वाच. पाच-सहा प्रबंधांत तोच रागांचा इतिहास तसाच्या तसा उतरवलेला दिसेल. तेवढं करू नकोस. तुझ्या मंचप्रदर्शनात आणि तुझ्या लिखाणात एकच माणूस बोलताना ऐकू यावा, अशी माझी अपेक्षा आहे. मात्र विषय पक्का करण्याआधी बाईंना विचार. गाणाऱ्या बाईच्या गळ्याला सोसेल तेवढंच डोक्यानं ओढायचं असतं, आणि तुझा गळा त्यांनी लहानपणापासून ऐकलाय.

रियाजाचं बोलू का? रागावू नकोस. शिकवणाऱ्यांचा गळा शिकवण्यात खर्च होतो. मुलांसाठी आपण त्यांच्या पट्टीत गातो, दिवसभर वरच्या आवाजात बोलतो आणि रात्री आपल्या काळी चारला बसलो की गळा दमलेला असतो. डॉक्टरेट म्हणजे दीड-दोन तासांची मैफल पेलण्याइतका दम हवा. तेव्हा वर्गाच्या दिवशी स्वतःचं गाणं सकाळी उरकत जा, आणि वर्गात मोठ्या मुलींना पुढं करून गाऊ दे.

तानपुऱ्याचं विचारलंयस. तुझा जुना आता दुरुस्त होणार नाही असं तूच लिहिलंयस. इथून नवा पाठवते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारागिरांच्या गल्लीत सगळे खूश आहेत. भोपळा पंढरपूरकडचाच येतो अजून. तुझी पट्टी कळव, म्हणजे कारागीर घोडी आणि जवारी त्या हिशेबानं लावून देतील. प्रवासात तारा सैल सोडून पाठवू, तिथं चढवायच्या कशा ते मी पडद्यावर दाखवीन. लहान, सपाट प्रवासी तानपुरा घ्यायचा मोह होईल, पण रोजच्या रियाजाला भोपळ्याचाच घे. जागा करावी लागली तरी चालेल, सोफा हलव.

मंडळाचं कार्यालय इथंच आहे, तर या आठवड्यात जाऊन संगीताचार्यची सध्याची नियमावली आणि अर्ज आणते. परदेशातून बसणाऱ्यांसाठी काय वेगळं आहे तेही विचारून घेते. तोवर तू एक काम कर. यमनचा विलंबित ख्याल गा, निदान वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये न थांबता, नंतर काहीही न कापता, आणि तसाच्या तसा मला पाठव. फोनमधलं आवाज गाळणारं सेटिंग बंद करायला विसरू नकोस. आधी मी ऐकते, मग बाईंना ऐकवते. त्यांनी होकार दिला की डिसेंबरचं तिकीट काढ.

काकूंना नमस्कार, मुलांना खूप गोड पापा.

तुझीच,
मिरजेची मैत्रीण